सासूबाईंचा रॅम्प, स्प्रे ट्रान्सफर पद्धतीने

३ मार्च, सोमवार

आजपासून कामाची रोजची नोंद. शिस्त असली की निम्मं काम झाल्यासारखंच असतं. उरलेलं निम्मं मी करणारच आहे.

काम: दारापुढच्या दोन पायऱ्यांवर लोखंडी रॅम्प. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. शनिवारी, १५ तारखेला, हॉस्पिटलमधून चाकांच्या खुर्चीत थेट आमच्याकडे. डॉक्टरांनी महिनाभर पायरी चढायची नाही म्हणून बजावलंय. हिने आईची खोली आतापासूनच झाडूनपुसून ठेवली. मग म्हणाली, अहो, रॅम्प कुणाकडून तरी करून घेऊ या. म्हटलं, कुणाकडून तरी म्हणजे माझ्याकडूनच. त्यावर ही काही बोलली नाही. संमती गृहीत धरली.

दुपारी मेहुण्याचा टेम्पो आला. मेहुण्याचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सहा एमएमची प्लेट पाठवली, आमच्या पायऱ्यांचं माप घेऊन कापलेली. सोबत दोन अँगल. फोनवर म्हणाला, भावोजी, खालून दोन अँगल लावा, चार टाके मारा, अर्ध्या तासाचं काम आहे. जमत नसेल तर मी येऊन मारून जातो. आणि वेळेत नाही झालं तर आईला माझ्याकडे नेतो, माझं घर तळमजल्यावर आहे.

त्याला शांतपणे सांगितलं, टाके मारणं वेगळं आणि वेल्डिंग वेगळं. माणूस मापाला पक्का आहे, थिअरीला कच्चा.

ज्या फळ्यांवरून प्लेट खाली सरकवली त्या दोन फळ्या टेम्पोवाले इथेच विसरले. शेडमागे, शेजारच्यांच्या कुंपणालगत टाकल्या. अडगळ.

४ मार्च, मंगळवार

पद्धत ठरली. स्प्रे ट्रान्सफर.

साधा वेल्डर मिग मशीन चालवतो तेव्हा वायर प्लेटला टेकते, वितळते, तुटते, पुन्हा टेकते. कढईत पाणी पडल्यासारखी तडतड. स्प्रेमध्ये वायर टेकतच नाही. टोकाला वितळते आणि बारीक थेंबांचा फवारा होऊन उतरते. तडतड नाही, शिंतोडे नाहीत, नुसता सरसर आवाज. टाका काचेसारखा. हे सगळं मी स्वतः वाचून, व्हिडिओ बघून शिकलो. कुणाचा चेला नाही.

मशीन जुनं घेतलेलं, पण दमदार. शेडमध्ये पूर्वी पिठाची गिरणी होती, त्यामुळे थ्री फेज आहे. सगळं जणू या रॅम्पसाठीच जुळून आलंय.

मेहुण्याला हे कळवलं. म्हणाला, भावोजी, आईची खुर्ची चढायचीय, रेल्वेचं इंजिन नाही.

५ मार्च, बुधवार

एक तत्त्व लिहून ठेवतो. चाचणी ज्या लोखंडावर, काम त्याच लोखंडावर. लोक भंगाराच्या तुकड्यावर सेटिंग लावतात आणि कामावर तोंडघशी पडतात. भंगार वेगळं, त्याची जात वेगळी. म्हणून चाचणीचे तुकडे रॅम्पच्या प्लेटमधूनच काढायचे. एका कडेची बारीक पट्टी. प्लेट भरपूर आहे.

ग्राइंडरने पहिली पट्टी कापली. शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणाले, काय चाललंय? म्हटलं, संशोधन. ते म्हणाले, संशोधन दुपारी झोपेच्या वेळी नको. लोकांना विज्ञानाची कदर नाही.

७ मार्च, शुक्रवार

गॅस, म्हणजे वितळलेल्या टाक्याला हवा लागू नये म्हणून वरून सोडतात तो: घरात होता तोच कार्बन डायऑक्साइड. व्होल्टेज तीसपर्यंत चढवलं, वायरचा वेग वाढवला. फवारा नाही. गोळे. मोठे, आळशी गोळे, वाटेल तिकडे उडत होते. पट्टी वाया. दुसरी कापली. तीही गेली. तिसऱ्या वेळी थोडा फवारा वाटला, पण तो माझ्या टोपीला आग लागल्याचा आवाज होता.

ठिणग्यांनी दोरीवरच्या हिच्या चादरीला भोकं पडली. म्हटलं, जुनीच होती. ही म्हणाली, मागच्याच महिन्यात घेतलीय, आईच्या खोलीसाठी. म्हणजे महिन्याभराची जुनी. मुद्दा सिद्ध.

८ मार्च, शनिवार

गॅसवाल्याकडे गेलो. सेटिंग सांगितली. तो म्हणाला, साहेब, नुसत्या सीओटूवर स्प्रे? कोंबड्याने अंडं द्यायची वाट बघताय. आर्गॉन मिक्स न्या. नव्वद टक्के आर्गॉन, दहा सीओटू. सगळे तेच नेतात.

सगळे नेतात हीच शंकेची गोष्ट. नव्वद टक्के चांगलं, तर शंभर टक्के किती चांगलं असेल! दहा टक्के भेसळ मी पैसे देऊन का घ्यावी? शुद्ध आर्गॉनचं सिलिंडर आणलं. तो म्हणाला, शुद्ध आर्गॉन अ‍ॅल्युमिनियमला लागतो, तेच करताय का? म्हटलं, नाही, रॅम्प. त्याने पावती फाडली. पटलं असावं.

९ मार्च, रविवार

शुद्ध आर्गॉन. दोन पट्ट्या. आर्क, म्हणजे वायरच्या टोकाचा विजेचा जाळ, वेड्यासारखा इकडेतिकडे भरकटतो. टाका प्लेटमध्ये मुरत नाही, वर दोरी ठेवल्यासारखा पडून राहतो आणि कडेला उंदराने कुरतडल्यासारखी खाच पडते. तिसऱ्या पट्टीवर तेच. चौथीवरही तेच, पण जास्त खात्रीने.

निष्कर्ष: एकटा माणूस भरकटतो, तसा एकटा आर्गॉनही. त्याला थोडी सोबत हवी. दहा टक्के सीओटूची असावी असं माझं मत झालं. हे मला स्वतःच्या प्रयोगातून सापडलं.

संध्याकाळी हिने प्लेटवरचं गोणपाट उचलून पाहिलं. म्हणाली, अहो, ही प्लेट लहान दिसते. म्हटलं, दुपारी उन्हात लोखंड प्रसरण पावतं, संध्याकाळी आकुंचन पावतं. शाळेत शिकवतात. ती म्हणाली, इतकं? म्हटलं, धातूवर अवलंबून आहे.

प्लेट भरपूर आहे.

११ मार्च, मंगळवार

ऑफिसची रजा वाढवली. कारण: घरगुती अभियांत्रिकी.

मिक्स आणला. गॅसवाला हसतमुखाने भेटला. धंद्यात इतका आनंदी माणूस विरळाच.

आता यश पक्कं. उकाडा भयंकर. चामड्याचा ॲप्रन, हातमोजे, हेल्मेट. माणूस आत शिजतो. म्हणून घरातला टेबलफॅन आणून बाकावर ठेवला, थेट माझ्याकडे तोंड करून. कारागीर थंड असेल तर हात थंड असतो.

आवाज जवळजवळ बरोबर. पण टाका पाहतो तर भोकंच भोकं. भांडी घासायच्या स्पंजसारखा. वेल्डवर गॅसचं पांघरूण पुरत नसेल म्हणून गॅस वाढवला. पंधरा लिटरवरून वीस, मग पंचवीस. भोकं वाढली. पंख्याचा वेग एक नंबरने वाढवला, कारण आता मला घामही जास्त येत होता. भोकं आणखी वाढली.

गॅसमध्ये भेसळ असणार. गॅसवाल्याच्या हसण्याचा अर्थ आता लागला.

१२ मार्च, बुधवार

मेहुण्याचा फोन. रॅम्प झाला का? म्हटलं, अंतिम टप्पा. टाका कसा येतोय? म्हटलं, किंचित सच्छिद्र. तो एकदम म्हणाला, भावोजी, पंखा लावून वेल्डिंग करताय का? वाऱ्याने गॅस उडून जातो.

हसू आलं. गॅस दाबाखाली असतो. पंखा घरातला, तीन पात्यांचा. म्हटलं, तू तुझी माणसं सांभाळ, मी माझा आर्क सांभाळतो. तो म्हणाला, शनिवारी सकाळी आईला घेऊन येतोय. नसेल झालं तर तसं सांगा, गाडी वळवतो. मागून ही म्हणाली, नाही रे, झालंय जवळजवळ. तिचा आवाज जरा वेगळा लागला. फोन ठेवल्यावर म्हणाली, आईला मी वचन दिलंय, अहो. यंदा माझ्याकडे राहायचं म्हणून. तुम्ही नुसतं चार टाके मारा ना.

चार टाके. बहीणभावाचं शिक्षण एकाच घरात झालंय.

आज आणखी तीन पट्ट्या. व्होल्टेज २६.८, २७.०, २७.२. भोकं तशीच.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी

यश!

२७.४ व्होल्ट. वायर मिनिटाला साडेदहा मीटर. गॅस सतरा लिटर. वेल्डिंगची टॉर्च किंचित पुढे कललेली. सरसर. एक शिंतोडा नाही. टाका इंद्राच्या दरबारात मांडावा असा. बोट फिरवलं (गार झाल्यावर) तर साय.

हे यश घामाघूम होऊन मिळालं. सकाळी ही पंखा आईच्या खोलीत घेऊन गेली. म्हणाली, आईला उकडतं, आधीच लावून बघते. अशा अडचणीतही २७.४ सापडलं. गॅसमधली भेसळ सिलिंडरच्या तळाशी बसली असावी.

एकदा जमलं तो योगायोग, दोनदा जमलं ते शास्त्र. म्हणून खात्रीसाठी आणखी एक पट्टी. जमलं. तिसऱ्यांदाही जमलं. पाचव्यांदा तर डोळ्यांत पाणी आलं. हेल्मेटमुळे पुसता आलं नाही.

पट्ट्यांवर खडूने सेटिंग लिहून ओळीने मांडल्या. शेड प्रदर्शनासारखी दिसते.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी

रॅम्प जोडला. खाली दोन अँगल, दोन्ही बाजूंनी अखंड टाका, शुद्ध स्प्रे. सरसर ऐकून मास्तर कुंपणाशी आले आणि म्हणाले, आज आवाज कमी आहे, मशीन बिघडलं का?

एक तक्रार नोंदवतो. मेहुण्याने अँगल प्लेटपेक्षा बरेच लांब पाठवलेत. मापाला पक्का हे विधान मागे घेतो. मीच कापून प्लेटच्या मापाचे केले.

रॅम्प हलका झालाय. एकट्याने काखेत धरून दारापर्यंत नेला. उत्तम डिझाइनची खूण. लावून बघायला अंधार झाला. उद्या सगळ्यांसमोरच लावायचा.

१५ मार्च, शनिवार

गाडी सकाळी आली. मेहुणा, सासूबाई, खुर्ची. ही दारात. मास्तर कुंपणावर.

गोणपाट बाजूला केलं. रॅम्प पायऱ्यांपुढे ठेवला.

रॅम्प वरच्या पायरीला टेकत नव्हता. आणि टेकवला की जमिनीवरून उठत होता.

मेहुण्याने रॅम्प दोनदा पुढेमागे सरकवून पाहिला. मग शेडमध्ये गेला, पट्ट्यांची ओळ पाहून आला. म्हणाला, भावोजी, रॅम्प आत आहे, एकेक घास करून ठेवलाय. म्हटलं, पण टाका बघ. त्याने वाकून बघितला. म्हणाला, टाका एक नंबर आहे, त्यात वादच नाही. पण आई टाक्यावरून चढणार की प्लेटवरून?

ही माझ्याकडे बघत नव्हती. गाडीकडे बघत होती. मेहुणा किल्ली हातात खेळवत म्हणाला, मग नेऊ माझ्याकडे? सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, मी काय पार्सल आहे का रे, इकडून तिकडे? लेकीने खोली तयार केलीय, मी तिथेच जाणार. मास्तर, त्या तुमच्या बाजूला काय पडलंय?

मास्तर म्हणाले, फळ्या.

दोन फळ्या. मेहुण्याने आणून पायऱ्यांवर टाकल्या, पायाने दाबून पाहिल्या आणि सासूबाई खुर्चीसकट वर गेल्या. टेम्पोवाल्यांच्या विसरभोळेपणाने माझ्या कामावर पाणी पडलं. ही आईच्या मागोमाग आत गेली. दारातून वळून म्हणाली, अहो, ते लोखंड वाटेतून काढा, कुणी अडखळेल.

१६ मार्च, रविवार

सासूबाईंचा पलंग डुगडुगतो, रात्रभर झोप लागली नाही म्हणे. फरशीच वाकडी आहे. पायाखाली काहीतरी घाला म्हणाल्या. आईला बघायला आलेला मेहुणा म्हणाला, त्याला काय तोटा, आणि माझ्या ओळीतून एक पट्टी उचलली. २७.४. पहिली, गुरुवारची. म्हटलं, ती नको, दुसरी घे. तो म्हणाला, रुंदीला हीच बरोबर बसतेय.

पण टाका वर आलेला, त्यावर पलंगाचा पाय सरकत होता. मेहुण्याने ग्राइंडर मागितला. मीच दिला. आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, टाका सपाट.

पलंग आता हलत नाही. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तुमच्या हाताला यश आहे हो, बघा कशी पक्की बसली. ही हसली. बऱ्याच दिवसांनी.

दुपारी त्यांना झोप छान लागली. पंख्याचा वारा थेट अंगावर येतो, असं ही सांगत होती.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. गुरुवारी टाका जमला तेव्हा पंखा शेडमध्ये नव्हता.

योगायोग.