सातबाऱ्यावर माझं नाव

रत्नागिरी
१८ जून २०२५

ती. दादास दमूचा सा. न. वि. वि.

घरात मोबाइल असताना ही पोस्टात कशाला जाते, म्हणून हसशील. पण तुला कमी ऐकू येतं म्हणून तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो, आणि मला सांगायचंय ते आधी तुला एकट्याला कळायला हवं.

शमिकाचा सीईटीचा निकाल लागला. नात चांगल्या गुणांनी पास झाली म्हणून मी साखर वाटली, निलेशने मिरजोळ्याच्या कारखान्यात पेढे वाटले. मग त्याने मागच्या वर्षीच्या याद्या काढल्या. एवढ्यावर गेल्या साली दापोलीच्या विद्यापीठात शेतकीला सहज जागा मिळत होती. यंदा मुलंच इतकी वाढलीत की ती काठावर लटकते आहे. आता टक्के नसतात, पर्सेंटाइल असतो. म्हणजे आपल्याला किती येतं ते नव्हे, आपल्यामागे किती जण राहिले ते. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी असला हिशेब फळ्यावरून पुसायला लावला असता. खाजगी कॉलेज निलेशच्या पगारात बसत नाही, आणि शमिकाला शेतकीशिवाय काही नको आहे.

एक वाट आहे. घरात कुणाच्या, अगदी आजीच्याही, नावावर शेतजमिनीचा सातबारा असेल तर मुलाला वाढीव गुण धरतात. बाबा गेल्यावर मी हक्कसोडीवर सही केली, तेव्हा वहिनीने मला निळ्या काठाची साडी नेसवली होती. त्या सहीचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही नाही. मला जमीन नको. नदीकडचा खालचा कुणगा, जिथे लावणी सोडून आपण खेकडे धरायचो, भाताच्या त्या एका तुकड्यावर तुझ्या नावाखाली माझं नाव लाव. वकील म्हणाले, बक्षीसपत्राने होतं. शमिकाचा प्रवेश झाला की त्याच आठवड्यात परत सही करून देईन, हा माझा शब्द. कागद वीस जुलैपर्यंत द्यायचे आहेत.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, या मागण्याने तो उणा होऊ देऊ नकोस.

तुझी,
दमू

वरची वाडी, ता. खेड
२६ जून २०२५

चि. दमूस दादाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, सिस्टरनी पट्टी मारून सरळ केलेलं. माझं वाचायला तुला दोन चष्मे लागतील.

इकडे पाऊस बरा आहे. भाताचा तरवा हातभर वाढलाय, पण लावायला माणसं नाहीत. मुंबईची पोरं गणपतीला येतात, लावणीला कुणी येत नाही. माझे गुडघे चिखलात शिरतात, बाहेर यायचं नाव घेत नाहीत. तुझी वहिनी हौसा म्हणते, आता तुम्ही बांधावर बसा आणि नुसते ओरडा.

तू लिहिलंस ते वाचलं. शमिका हुशार पोर, तिचं अडणार नाही. आमच्या ऋत्विकनेही दापोलीचाच फॉर्म भरलाय. नातवाचं डोकं तुला माहीत आहे, अर्धं क्रिकेटात असतं. कामाचं म्हणशील तर तलाठी रजेवर गेलाय, कधी उगवेल सांगता येत नाही. लावणी उरकली की बघतो. सरकारी काम घाईने होत नाही गो.

आमसुलं पाठवतोय, यंदाची आहेत. निलेशला, सुनेला आणि शमिकाला आशीर्वाद. माया पातळ करू नकोस.

दादा

रत्नागिरी
२ जुलै २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

आमसुलं मिळाली. सार केलं होतं, शमिकाने दोन घोटांपुढे घेतलं नाही.

निलेश सोमवारी रजा टाकून खेडला जाऊन आला. तलाठी जागेवरच होता. मी निलेशला म्हटलं, दादाला कुणीतरी चुकीचं सांगितलं असेल. तो चप्पल काढून आत गेला.

शमिका दिवसभर मोबाइलवर जुन्या याद्या पाहते. तिच्या आईने मोबाइल काढून घेतला, तर कागदावर आठवून आठवून आकडे लिहीत बसली. आमच्या वेळी कॉलेजातल्या कारकुनाने नाव विचारलं, मी सांगितलं, त्याने लिहिलं, झाला प्रवेश. हे तिला सांगितलं की ती माझ्याकडे अशी पाहते, जणू मी बैलगाडीचं भाडं सांगतेय. निलेश म्हणतो, दरवर्षी गर्दी वाढतच जाणार. डॉक्टरी न मिळालेली मुलंसुद्धा आता इकडे वळतात. परवा देवापाशी दिवा लावत होते, तर मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आजी, नापास झाले असते तर बरं होतं. निदान माझं काय चुकलं ते कळलं असतं.” मी वात सारखी करत बसले. दुसरं काय करणार?

मी इथे मामाकडे राहून शिकत होते, तेव्हा तू शनिवारी तांदळाचं बोचकं घेऊन एसटीने यायचास. माझी शाळा सुटेपर्यंत कॉन्व्हेंटच्या फाटकाशी हसत उभा असायचास. त्या दादाला मी विचारते आहे. ऋत्विकही माझाच नातू, दोघांनाही मिळो. पण हो की नाही, एवढं कळव. नाही म्हणालास तर सोसेन. वाट पाहणं आता सोसवत नाही.

रागावलास तरी पत्र मात्र टाक.

तुझी,
दमू

वरची वाडी, ता. खेड
१० जुलै २०२५

चि. दमूस अ. उ. आ.

तलाठ्याचं मी खोटं लिहिलं. निलेशला सांग, त्याचा मामा लबाड आहे.

फाटकाची आठवण काढलीस म्हणून सांगतो. मी हसत नव्हतो, दमू. ऊन डोळ्यांवर यायचं. आपला मामा एकाच पोराला ठेवून घेणार होता. तुझं डोकं चांगलं म्हणून बाबांनी तुला पाठवलं आणि मला सातवीतून काढून औताला लावलं. चुकीचं केलं नाही. पण त्या फाटकाच्या आत मला कधी कुणी ये म्हटलं नाही, आणि तुझ्याही ते कधी ध्यानात आलं नाही. तुला शाळा, मला माती, अशी वाटणी मी मनाशी करून टाकली होती. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा वाटलं, आता हिला मातीही हवी झाली.

आणखी एक लपवलं. ऋत्विकच्या बापाने हिशेब मांडला होता. सातबाऱ्याचे गुण धरून ऋत्विक कसाबसा यादीत बसतो. तेच गुण शमिकाला मिळाले की ती त्याच्या पुढे जाते. शेवटची जागा एकच उरली, तर ती तिची. घरात पंधरा दिवस दुसरं बोलणं नाही.

पण पोर म्हणाली, नापास झाले असते तर बरं. ते वाचून मला जेवण गेलं नाही. बाहेर उभं राहणाऱ्याला तसंच वाटतं गो. काल खेडला जाऊन बक्षीसपत्रावर सही केली. हौसा ताट वाढते आणि पाठ फिरवून आत जाते. तलाठी म्हणतो, नाव चढवायच्या आधी पंधरा दिवसांची नोटीस लावावी लागते. आजोबा, गेल्या महिन्यात आला असतात तर, असं काही म्हणत होता. पुढचं मी ऐकलं नाही. बहिरेपण एकदा कामाला आलं.

कागद हातात आला की लगेच पाठवतो. तोवर माझ्यावरची माया टिकव, कठीण आहे तरी.

दादा

रत्नागिरी
२० ऑगस्ट २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

तू पाठवलेला सातबारा मिळाला होता. निलेश त्याच दिवशी घेऊन धावला, पण कागदांची मुदत संपून गेली होती. खिडकीतल्या बाईंनी हळहळून परत दिला. कळवायला उशीर केला. शेवटच्या फेरीपर्यंत आशा होती.

ऋत्विकला दापोली मिळाली, निलेशने यादीत पाहिलं. त्याला माझा आशीर्वाद. दापोलीत डास फार, म्हणून मच्छरदाणी शिवून पाठवते आहे. वहिनीला सांग, मी रागावलेली नाही. रागवायला अंगात बळ लागतं.

शमिकाला कुठेच मिळालं नाही. ती रडली नाही, त्याची मला जास्त भीती वाटते. पुस्तकं बांधून तिने खाटेखाली सारली. मग सातबारा मागून घेतला आणि बराच वेळ वाचत बसली. कुणगा नदीपासून किती लांब, पुराचं पाणी चढतं का, यंदा कुठलं भात लावलंय, असं विचारत होती. त्याची उत्तरं तू दे. भातकापणीला तिला पाठवते. एसटीच्या थांब्यावर उतरवून घ्यायला जा, आणि तिला दारात उभी ठेवू नकोस.

बाजारात जाताना वाटेत आमची शाळा लागते. फाटक आता मोठं लोखंडी आहे, पहारेकरी बसतो. तुझं पत्र आल्यापासून मी तिथे थांबते. तू मला अजून हसतानाच दिसतोस, पण आता डोळ्यांवरचं ऊनही दिसतं. तेव्हा दिसायला हवं होतं.

वहिनी विचारतील, म्हणून स्पष्ट लिहिते. शमिकाचा प्रवेश झाला की त्याच आठवड्यात परत सही करीन, असा शब्द मी दिला होता. तो शब्द तसाच आहे. पुढच्या वर्षी ती पुन्हा परीक्षेला बसणार, आणि रांग यंदाच्याहून लांब असणार.

प्रवेश झालेला नाही, दादा. नाव राहू दे.

या वेळी लोभ मागत नाही. तो आहे, हे तुझ्या सहीवरून कळलं.

तुझी,
दमू