हरवलेला धूर

आईला, इतक्या लांबून वाकून नमस्कार.

खोलीत बंद दाराची लोखंडी शेगडी बसवून घेतली आहे, तेव्हा माझ्या थंडीची काळजी सोड. तिच्या दाराच्या काचेतून जाळ दिसतो, पण घरात धूर नावालाही नाही.

पहिल्या दिवशी मी तुझ्यासारखं लाकूड पुरवून वापरायला गेले आणि हवेची फट बंद केली. काच काळीकुट्ट! शेगडी बसवणारा मिस्त्री हसला. "ताई, जाळाचा गळा का दाबलात? धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. हवा मिळाली की तोही आतच जळतो."

मला काही पटेना. फट उघडली, जाळ धरू दिला आणि शाल गुंडाळून अंगणात धावले. मान अवघडेपर्यंत धुराड्याकडे बघत राहिले. वर नुसती हवा थरथरत होती. शेजारीण म्हणाली, "काय हरवलं गं?" म्हटलं, "धूर!"

बाबा अजून ओलीच लाकडं आणतात का? तुझा खोकला कसा आहे? नुसतं "बरा आहे" लिहू नकोस.

मिस्त्रीचं बोलणं डोक्यातून जात नाही. फुंकणी घेऊन चुलीपुढे तूच बसायचीस. इतक्या वर्षांत तू किती लाकूड गिळलंस गं, आई?

तुझी,
धाकटी