डॉक्टरांच्या फोटोची लोकप्रियता

आदरणीय भाऊजी यांस,

सादर नमस्कार. तब्येत कशी आहे? ताई म्हणाली, हल्ली तुम्हाला छान झोप लागते. लागणारच. तुमच्या वाटची जागरणं मी करते आहे.

नोकरी सोडताना तुम्ही मला इथे चिकटवलंत, त्याचे उपकार आहेतच. पण जनावरांच्या दवाखान्याची ही वेबसाइट सोपवताना ‘सगळं सुरळीत आहे’ म्हणालात, त्याबद्दल बोलायचंय. कुठला पत्ता उघडला की कुठलं पान दाखवायचं, ही यादी तुम्ही एका बैठकीत उरकलीत (ताई सांगते, मॅच सुरू व्हायची होती). आणि शेवटी एक ओळ ठोकून दिलीत: यादीत नसलेलं काहीही मागितलं, तर डॉक्टरांचा हसरा फोटो दाखवा. ‘पान सापडत नाही’ म्हणायची लाज वाटली का हो? मी ‘तातडीची सेवा’ या पानाचा पत्ता बदलला. तुम्ही तो अकरा ठिकाणी हाताने लिहिलेला (अकरा!), त्यातला एक माझ्या नजरेतून सुटला. झालं, ज्यांच्या कुत्र्यांनी मोजे गिळले, त्यांना तीन आठवडे फोन नंबराऐवजी डॉक्टरांचे दात दिसले. शेवटी एक आजीबाई मांजर टोपलीत घालून थेट येऊन थडकल्या आणि डॉक्टरांना चार शब्द सुनावून गेल्या. मांजर वाचलं, नशीब.

मग मी कंबर कसली. आठ दिवस खपून सगळे पत्ते एका जागी आणले, फोटो त्याच्या वेगळ्या पानावर हलवला, आणि पत्ता चुकणाऱ्यांसाठी ‘हे पान नाही, या नंबरावर फोन करा’ असं सरळ लिहिलं. वाटलं, शाबासकी मिळेल. कसलं काय! डॉक्टर दर शनिवारी एकच आकडा बघतात: आपला फोटो किती जणांनी पाहिला. पत्ता चुकलेला जो तो फोटोवर आदळायचा, त्यामुळे तुमच्या कृपेने तो आठवड्याला चार हजार असायचा आणि ते बिचारे त्याला लोकप्रियता समजत होते. या शनिवारी निघाले नऊ (त्यातले तीन मी). मी अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सोमवारपर्यंत पहिल्यासारखं करा, नाहीतर मी तुमच्या भाऊजींना परत बोलावतो.”

भाऊजी, नोकरी मला हवी आहे, घराचं भाडं त्यावर चालतं. पण कुणाचं जनावर तडफडत असताना त्याला फोटो दाखवायचा, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. आडवाट काढणाऱ्याचा वेळ वाचतो आणि मागून येणाऱ्याचा जीव जातो, एवढं लक्षात ठेवा.

ताईला आणि मुलांना आशीर्वाद-नमस्कार, ज्याचं त्याला वाटून द्या.

तुमची वैतागलेली मेहुणी

ता. क. डॉक्टरांनी बोलावलं तर येऊ नका. आणि घरातल्या सगळ्यांनी रोज ते फोटोचं पान शंभरेक वेळा उघडावं, ही विनंती.

ता. ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात सोमवार उजाडला. पान उघडायची आता गरज नाही. मी प्रोग्रामात एक छोटीशी ओळ लिहिली आहे, ती ते पान दर दोन मिनिटांनी आपोआप उघडते. अगदी तात्पुरती हो! आकडा चढताना बघून डॉक्टर खूश आहेत. त्या ओळीवर लिहिणाऱ्याचं नाव तुमचं टाकलंय. कुणी विचारलं तर तेवढं हो म्हणा.