जुनीच रिंग

खामगाव

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम. पोस्टमन दुकानात पत्र घेऊन आला म्हणून घाबरू नका, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझी हिंमत जाते, म्हणून लिहितोय.

लोणारच्या स्टँडवर पंक्चर काढता काढता तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता, माह्या पोराची पेटी अणुभट्टीत बसते. खरंय ते. भट्टीत अपघात झालाच तर सगळीकडे कढत वाफ भरते. तेव्हाही धोका सांगणारं यंत्र चालू राहावं म्हणून ते आमच्या कारखान्याच्या सीलबंद पोलादी पेटीत ठेवतात. वडनेर भोलजीच्या जयमालाताई झाकणाखाली रबरी रिंग बसवायच्या. ओरखडा नको म्हणून आधी बांगड्या काढून वाटीत ठेवायच्या. मग मी पेटीत हवा भरून ती अर्धा तास पाण्यात बुडवायचो आणि बुडबुडा येतो का बघायचो, तुमच्या घमेल्यातल्या ट्यूबसारखंच. गिऱ्हाईक कितीही घाई करो, तुम्ही म्हणायचात, "बस गेली तं जाऊ दे, पान्यात पाह्यल्याशिवाय टूब देनार नाही."

उन्हाळ्यात एका पेटीची चाचणी झाली, मी सही केली, आणि पाहतो तर ओल शोषणारी पुडी माझ्याच टेबलावर. ती आत ठेवायला मीच विसरलो होतो. पेटी उघडली की नवी रिंग घालून पुन्हा चाचणी करायची, असा नियम आहे. पण नवी रिंग मागितली असती तर विसरलो हे सगळ्यांना कळलं असतं, आणि अश्वजितची पेटी कधी परत येत नाही अशी माझी ख्याती होती ना! पुडी ठेवली, जुनीच रिंग घातली, झाकण आवळलं. पाण्यात बुडवलीच नाही.

घेणाऱ्यांनी पुन्हा तपासली तेव्हा ती गळत होती. भट्टीत जाण्याआधी कळलं, हे नशीब. रिंग वापरलेली निघाली, म्हणजे बसवणारीची चूक, असं ठरलं. जयमालाताई एकच सांगत होत्या, "म्या नवीच घातली होती, अश्वजितले विचारा." मला विचारलं. मी माहीत नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं. दोन महिने झाले, बांगड्या ठेवायची त्यांची वाटी अजून टेबलावर आहे. मला तिकडे बघवत नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, बाबा.

आणि काल तुम्ही आनंदाने सांगितलंत की रविवारी विहारात या पेट्यांसाठी माझा सत्कार ठेवलाय. आज सकाळी मी साहेबांना सगळं लिहून दिलं. नोकरी जाईल. तिथून वडनेरला जाऊन जयमालाताईंनाही सांगितलं. त्यांनी पाणी दिलं आणि त्या चुलीकडे वळल्या. साहेबांना दिलेल्या कबुलीची नक्कल सोबत जोडली आहे. सत्कार मोडू नका, लोक जमू द्या, आणि हार आणायच्या आधी ती वाचून दाखवा. जयमालाताईंना बोलावलंय, आल्या तर पुढे बसवा. मीच वाचलं असतं, पण पोरगा किती प्रामाणिक म्हणून लोक टाळ्या वाजवतील, ते मला सोसणार नाही. तुम्ही वाचा. आणि वाचताना माझं नाव गाळू नका.

तुमचाच,
अश्वजित