कोरडी पट्टी नको

३ नोव्हें., सोम.
दवाखाना. डाव्या घोट्यावरची जखम, पाचवा महिना. एस.टी.त अठ्ठावीस वर्षं उभ्याने तिकिटं फाडली, उमरेड-नागपूर. शिरा फुगल्या, मग हे. ड्रेसरने कोरडी पट्टी खस्सकन ओढली. नवी कातडी पट्टीला चिकटून आली, डोळ्यांनी पाहिली. म्हटलं, "भाऊ, भिजवून काढ ना गा." म्हणे, "जखम कोरडीच पाहिजे मावशी. रोज इतक्यांची करतो मी." वरून पेरॉक्साइड. फेस. ओरडले नाही. त्याला ते सुख कशाला.

६, गुरु.
प्रवीण ऑफिसातून आला, दारातच नाक धरलं. मग लाजून हात खाली. जेवताना म्हणाला, "आई, लग्नाले तू घरीच राह. एवढ्या लोकांत... वास येऊन राहिला ना." सुनेने अगरबत्ती लावली. उठून विझवली. माझ्या भाच्याचं लग्न, २३ ला, उमरेडला. जाणार.

८, शनि.
शेजारची वंदना मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर, जखमांच्या ओपीडीत. आज तिला सुट्टी. पाय दाखवला. "मावशी, कोरडी काहून ठेवून राहिल्या? ओलसर ठेवली तरच नवी कातडी सरकते. पण पाणी लई गळून राहिलं, ते शोषणारं पाहिजे." म्हणजे पाच महिने उलटंच चाललं होतं. संताप संताप.

१०, सोम.
वंदनाची ओपीडी. डॉक्टरबाईंनी आधी यंत्राने पायाच्या नाड्या ऐकल्या. रक्त खाली नीट पोचतं, म्हणून फुगलेल्या शिरा आवळायला दाबाची पट्टी चालेल. नसतं पोचत तर त्याच पट्टीने पाय गेला असता. मग ड्रेसिंगं. जेल कोरड्या जखमेला, माझ्या नाही. फोम पाणी पितो. कोळशाचं वासाला. प्रत्येकाचं विचारलं, हे का, ते का नको. मागची बाई कुरकुरली. कुरकुरू दे, पाय माझा. ठरलं: सलाइनने धुवायचं, फोम, त्यावर कोळशाचं, मग दाबाची पट्टी. आठवड्यातून दोनदाच बदलायचं. पेरॉक्साइड बंद, नवी कातडीही जाळतं म्हणे.

१२, बुध.
नणंद आली, वाटीत हळद घेऊनच. "तीन-तीन दिवस बंद? सडून जाईल वं! सोड ते, वारा लागू दे." पट्टीला हात घातला. मी पाय मागे घेतला. "ताई, हात लावला तर मी उमरेडपर्यंत ओरडीन." रुसून गेली. खरं तर मलाही धाकधूक. आत काय चाललंय दिसत नाही. पट्टी आवळते. तरी सोडली नाही.

१७, सोम.
दुसऱ्यांदा उघडलं. फोम आपसूक निघाला. ओढणं नाही, रक्त नाही. वंदना म्हणाली, "वास घ्या." घेतला. जवळजवळ नाहीच. डोळ्यांत पाणी आलं, मेलं.

२३, रवि.
लग्न. प्रवीण गाडी आणतो म्हणाला, मी सकाळीच एस.टी.ने निघून गेले. पंगतीत तो माझ्यापासून चार जणं सोडून बसला. उठले, त्याच्या शेजारच्याला सरकवलं, बसले. "धर नाक." आजूबाजूचे हसले, त्यांना काय माहीत. प्रवीण नाही हसला. मान खाली. वडाभात आला तेव्हा वाढप्याला म्हणाला, "आईले आधी." बस, एवढंच. अजून माफ केलेलं नाही.

२७, गुरु.
वंदनाने माप घ्यायला जखमेवर प्लास्टिक ठेवून पेनाने कड आखली. खालून बोटभर भरली. वरची कड मात्र जिथल्या तिथे. डॉक्टरबाई: "चार आठवडे बघू. नाही सरकली तर मांडीची कातडी लावावी लागेल. फॉर्म आत्ताच भरून ठेवा." म्हटलं, "चार आठवडे म्हणजे चार आठवडे." फॉर्म घडी करून पिशवीत. सही नाही.
घरी पाय स्टुलावर. पट्टीच्या आत खाजून राहिलंय. भरून येतंय की बिघडतंय, कोण जाणे. बोट घालणार नाही.