सोमवारचं पाणी

१० मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

घरी सगळे मजेत. तुझे भावजी अजूनही कपाळावरचा चष्मा घरभर शोधतात.

यंदा हौदातल्या माशांच्या पिल्लांचं मात्र काही खरं नाही. अंड्यातून निघतात ती पाठीत वाकडी. एकाच जागी गोल फिरतात आणि तिसऱ्या दिवशी तळाशी. पाणी नेहमीचंच, नदीचं. मोठे मासे ठणठणीत. शेजारचे तलाववाले म्हणाले, पाण्यातच दोष आहे. मी भिंतीवरचा तुझ्या कारखान्याचा पाणी-तपासणीचा अहवाल दाखवला. म्हटलं, खाली माझ्या भावाची सही आहे, तोंड सांभाळून बोला! तरी बाटलीतून पिल्लं पाठवते आहे, बघ. आणि वक्तेमहाशय, उत्तर दोन ओळींत उरकू नका.

माया आहे तशीच. तूही पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पिल्लांच्या अंगात शिसं आणि कॅडमियम निघालं. मोठा मासा ते सोसतो, निदान तसं दिसतं. कालच्या पिल्लाला थेंबही पुरतो.

आमच्या कारखान्यात याच धातूंचा मुलामा चढवायचं काम रविवारी बंद असतं. नदीत जाणाऱ्या नाल्याचा नमुना मी सोमवारी सकाळी घेतो, काम सुरू व्हायच्या आत, नाला निवळलेला असताना. जुन्या लोकांनी तसं शिकवलं; मी सहा वर्षं कारण विचारलं नाही. हेही खोटं. कारण मला ठाऊक होतं. अहवालातला एकही आकडा खोटा नाही, ताई, आणि अख्खा अहवाल खोटा आहे. चौकाचौकात सत्यावर भाषणं ठोकणारा मी! माझ्या सहीसाठी तू लोकांशी भांडलीस, हे वाचल्यापासून मान वर होत नाही. तलाववाल्यांना हे पत्र वाचून दाखव. तोंड दाखवायची माझी हिंमत नाही.

लोभ मागायला जीभ रेटत नाही.
धाकटा

२७ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हौद उपसले. पिल्लं बांधाकडेला पुरली. अहवाल भिंतीवरून काढला, तिथे पांढरा चौकोन उरलाय. तलाववाल्यांकडे जाऊन माझ्या तोंडाळपणाची माफी मागितली. त्यांनी चहा दिला.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवणार नाही, सोबत परत पाठवते आहे. गुरुवारी सगळे तलाववाले आमच्या हौदापाशी जमतील. येताना नाल्याचं पाणी आण, गुरुवारचं. आणि पत्र उभं राहून तूच वाच. लहानपणी भाषण म्हणताना अडलास की मी पुढे बसून हळूच सांगायचे. याही वेळी पुढेच बसेन, पण सांगणार नाही.

लोभाचं मी बघते. तू ये.
ताई