तिसऱ्या प्रकरणातली चूक आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, विद्यापीठातून निवृत्त झालेली गणिताची प्राध्यापिका, माझ्या पश्चात कोणाचा गोंधळ होऊ नये म्हणून हे राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मी दडपणाखाली येणारी असते, तर मुलांनी मला शिडीवर चढणे केव्हाच सोडायला लावले असते. शुद्धीविषयी म्हणाल, तर डॉक्टरांनी परवा मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी उणे पाचवर पोचले तेव्हा त्यांनीच हात जोडले.

१. घर. माझे तीन खोल्यांचे घर मुलगा व मुलगी यांना समान हिश्श्याने मिळावे. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की, मुलीने निवडल्यावर मुलाने आपली खोली निवडावी आणि मुलाची सोय लागल्यावर मुलीने निवडावी. दोघेही भिडस्त. 'आधी तू, आधी तू' करत उंबऱ्यातच म्हातारे झाले असते. ही चूक माझे जुने सहकारी रांगवाले सर यांनी दाखवली. त्यांच्याविषयी पुढे येईलच. आता मुलगी आधी निवडेल. ती धाकटी आहे, पण तिला निर्णय घेता येतो.

२. बँकेतल्या ठेवी दोघांना निम्म्या-निम्म्या. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

३. हत्यारे. माझे यजमान सुतार होते. त्यांचे रंधे, पटाशा आणि लहान हातोड्या मुलीला द्याव्यात. ती दंतवैद्य असली तरी हात वडिलांचाच आहे. हत्यारे दवाखान्यात मात्र नेऊ नयेत. यजमानांनी लग्नानंतर मला विचारले होते, "तू दिवसभर नेमकं करतेस काय?" मी सांगितले, "संगणकाचे काही प्रोग्रॅम एकाच वेळी चार-चार कामं करतात. त्यांना मी गणितात अर्थ देते. म्हणजे ते न चालवताच, पुढे काय होईल ते कागदावर सिद्ध करता येतं." ते रंधा बाजूला ठेवून म्हणाले, "खुर्चीवर न बसताच ती मोडणार नाही हे सांगायचं. अवघड आहे." पुढची चाळीस वर्षे मी देशोदेशींची व्याख्याने ऐकली. माझे काम इतके नीट कोणी सांगितले नाही.

४. बंद पडलेला प्रिंटर आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना. त्यांनी सतरा वर्षे मला 'कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाई' म्हटले आणि तीनदा आपला प्रिंटर माझ्या दारात आणून ठेवला. एकदा फिट्टंफाट व्हावी एवढीच इच्छा.

५. पुस्तक. हे कलम लिहायला मला बावीस वर्षे लागली.

अडतिसाव्या वर्षी मी एक प्रमेय सिद्ध केले. दोन प्रोग्रॅमांच्या हातून घडू शकणाऱ्या घटनांच्या याद्या सारख्या असतील, तर त्यांचा अर्थ एकच आणि एकाच्या जागी दुसरा खुशाल वापरावा, असे ते होते. त्यावर मला नोकरी मिळाली, मान मिळाला. शेजारच्या खोलीत बसणारे रांगवाले सर यांचे मत होते की, एकाच वेळी असे काही घडतच नाही, सगळे रांगेने येते. म्हणून त्यांचे हे नाव मीच पाडले. आमचे विळ्याभोपळ्याचे सख्य होते.

माझे पुस्तक छापखान्यात असताना एका दुपारी ते आले, दार लोटले आणि म्हणाले, "बाई, दोन कारकून आहेत. एक दार उघडून विचारतो, पत्र द्यायचंय की न्यायचंय? दुसरा दार उघडण्याआधीच मनात ठरवतो, आज फक्त घेईन किंवा फक्त देईन. दोघांच्या वह्यांत काय काय लिहिलेलं सापडेल?"

"तेच," मी म्हणाले. "दोघांच्याही. अर्थ एकच."

"आणि दुसऱ्याच्या दारात चुकीच्या दिवशी आलेला माणूस?"

मी खडू खाली ठेवला. तो माणूस ताटकळत उभा राहणार होता, आणि माझ्या गणिताला तो दिसतच नव्हता. तिसरे प्रकरण सबंध त्या प्रमेयावर उभे होते.

"मी कुणाला बोललो नाहीये," सर म्हणाले. "तुम्ही ठरवा."

मी त्यांना आभार तर सोडाच, 'बसा' असेही म्हटले नाही. संध्याकाळी छापखान्यात जाऊन छपाई थांबवली. मालक म्हणाले, "बाई, कुणाच्या लक्षातही येणार नाही." मला ते पटले, म्हणूनच भीती वाटली. चार वर्षे खपून मी ताटकळणाऱ्या माणसासकट नवा अर्थ मांडला. पुस्तक निघाले. प्रस्तावनेत मी यजमानांचे, टंकलेखकाचे, अगदी चहा देणाऱ्याचेही आभार मानले. सरांचे मानले नाहीत. विसरले नव्हते.

तरी माझ्या पश्चात पुस्तकाचे हक्क माझ्या विद्यार्थिनीकडे जावेत, आणि तिने पुढच्या आवृत्तीत, पहिल्याच ओळीत, ही चूक सरांनी काढल्याचे छापावे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंचे म्हणणे. पण उपकार मानणे ही मालमत्ता नव्हे, असेही त्या म्हणाल्या.

६. म्हणून साक्षीदार व्हाल का, हे विचारायला मसुदा घेऊन काल मी सरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, पहिल्या कलमातली चूक काढली, मग पाचवे कलम दोनदा वाचले.

"ती प्रस्तावना मी वाचली होती," ते म्हणाले.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? निवृत्त होईपर्यंत दर वर्षी तुमचंच पुस्तक शिकवलं. तिसरं प्रकरण आलं की आधी पुस्तक मिटायला लावायचो आणि मुलांना सांगायचो, या बाईंनी स्वतःच्या पायांनी जाऊन छपाई थांबवली. गणित पुढच्या तासाला."

मी त्यांना म्हटले, "बसा." ते त्यांच्याच घरी, आधीपासूनच बसलेले होते.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर त्यावर सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

स्थळ : साक्षीदार क्रमांक एक यांच्या घरची जेवणाची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार, सकाळी अकरा

(सही) लिहून ठेवणार
(सही) साक्षीदार १ : रांगवाले सर, निवृत्त प्राध्यापक. हे नाव मला मान्य आहे.
(सही) साक्षीदार २ : डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. माझी वजाबाकी त्यांनी तपासली.